शेजारी राहायला गेलेला पिस्ता रंग

हिंदुराव मोहित्यांच्या हॉलमधला पिस्ता रंग पहिल्यांदा भिंत सोडून गेला तो दुपारच्या जेवणाच्या वेळी, आणि शेजारच्या जोगळेकरबाईंच्या व्हरांड्यात जाऊन बसला.

घरात तेव्हा विशेष काही घडलं नव्हतं. हिंदुरावांनी लोणचं मागितलं होतं, एवढंच.

आमच्या गल्लीत हिंदुरावांना सगळे तोंडाने ओळखतात आणि कृष्णाकाठच्या गावांत आवाजाने. जन्मभर त्यांनी कुस्तीच्या मैदानात निवेदन केलं. लाइट गेली की माइक बंद पडायचा, पण हिंदुराव बंद पडायचे नाहीत. पलीकडच्या उसात पाणी पाजत असलेल्या माणसालाही कोणी कोणाला ढाक मारली ते कळायचं. मैदानं सुटल्यावर हा आवाज त्यांनी घरी आणला. त्यांच्या पत्नी शालनताई त्या आवाजातच संसाराला लागल्या होत्या, त्यामुळे त्यांना तो मोठा वाटत नसे. नळाला पाणी आलं की गल्लीला ते हिंदुरावांकडून कळायचं.

घर बांधलं तेव्हा रंगही त्यांनीच निवडले होते. हॉल तांबडा, स्वयंपाकघर हळदीसारखं पिवळं, आतली खोली मोरपंखी. रंग दिलाय हे माणसाला रस्त्यावरूनच कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मग पुण्याहून देवयानीचा फोन आला. ही त्यांची एकुलती मुलगी. बाळंतपणाला माहेरी येणार होती. आधीच्या खेपेला टिकलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी या वेळी पडून राहायला सांगितलं होतं.

"आई, मी यायच्या आधी रंग बदलाल का?" ती म्हणाली. "फिकट काहीतरी द्या. त्या तांबड्याकडे बघत मला नाही पडून राहता यायचं."

शालनताईंनी कारण विचारलं नाही. हिंदुराव त्याच संध्याकाळी ओसवालांच्या दुकानात गेले. ओसवालांनी शेडकार्ड पुढे केलं.

"फिकटात सगळे चांगलेच आहेत," ओसवाल म्हणाले. "फक्त घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही ना? या रंगांना आवाज सोसत नाही. बाकी वॉशेबल आहेत."

"आमच्यात कोण बोलतंय मोठ्यानं?" हिंदुराव म्हणाले. काउंटरवर झोपलेलं मांजर उठून गोदामात गेलं.

हॉलला पिस्ता ठरला, स्वयंपाकघराला पीच आणि देवयानीच्या खोलीला फिकट जांभळा. पिस्ता थोडा उरला, तो रस्त्याकडच्या भिंतीला बाहेरूनही लावून टाकला. काम चालू असताना हिंदुराव जुने निवेदक म्हणून बोलावणं आल्याने तालुक्याच्या मैदानाला मुक्कामी होते, त्यामुळे रंग नीट वाळले.

देवयानी आली. हॉलमध्ये उभी राहून तिने सगळीकडे पाहिलं आणि बऱ्याच महिन्यांनी एक लांब श्वास सोडला. "आता बरं वाटतंय," असं म्हणून ती खोलीत जाऊन पडली. तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव परत आले, हातपाय धुऊन जेवायला बसले आणि म्हणाले, "लोणचं!"

पिस्ता रंग छताकडून खाली सरकू लागला. चारी भिंतींवरून तो दाराजवळच्या कोपऱ्यात गोळा झाला आणि उंबऱ्यावरून बाहेर पडला. त्याला घाई नव्हती. एखादा पाहुणा बोलणं ऐकून न सांगता उठतो, तसा तो गेला. जाताना त्याने खालचं पांढरं प्रायमर नेलं, जुना तांबडा नेला आणि त्याखालच्या विटांचा रंगही नेला. भिंती जागेवर होत्या. पण त्यांना आता कुठलाच रंग नव्हता, आणि ज्याला कुठलाच रंग नाही ते दिसत नाही.

रस्त्यावरून चाललेले मुल्लामास्तर थांबले. समोर हिंदुराव मांडी घालून ताटावर बसलेले होते. "चालू द्या जेवण," असं म्हणून ते पुढे गेले.

शालनताईंनी पदर सारखा केला आणि लोणचं वाढलं. त्यांच्या मागे हवेत कॅलेंडर लटकत होतं.

"हे काय झालं म्हणायचं?" हिंदुरावांनी विचारलं. त्याबरोबर स्वयंपाकघरातला पीचही निघाला आणि पिस्त्याच्या मागोमाग गेला.

*

पुढचे दिवस अडचणीचे गेले. शालनताईंनी जुन्या साड्या दोरीवर टाकून रस्त्याकडची बाजू झाकली, पण वारा आला की घर पुन्हा उघडं पडे. गवळी वाट मोकळी समजून दार सोडून सरळ आत यायला गेला आणि भिंतीवर आपटून त्याचं दूध सांडलं. हिंदुरावांच्या कपाळाला टेंगूळ आलं. छत मात्र पांढरंच राहिलं होतं, आणि खाली आधार दिसत नसल्याने लोक घरासमोरून जरा लांबून जात.

फक्त देवयानीच्या खोलीचं दार बंद असे आणि तिथे हिंदुराव बोलत नसत. तिथला जांभळा टिकून होता.

जोगळेकरबाईंची तक्रार नव्हती. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरात एकट्याच असत आणि बोलल्या तर समोरच्याला पुढे वाकावं लागे. त्यांच्या व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात पिस्ता आणि दुसऱ्यात पीच बसून असे.

हिंदुराव रंग न्यायला गेले.

"चला," ते फाटकातूनच म्हणाले. "झालं ते झालं. घरी चला."

दोन्ही रंग बाईंच्या खुर्चीमागे गेले.

"मोहिते, ते घाबरतात," बाई म्हणाल्या.

"मी काय ओरडतोय व्हय, बाई? बोलतोय नुसता."

"तुम्ही बोलताय. पण फाटकात उभे राहून एसटी स्टँडशी बोलताय."

हिंदुरावांनी कुजबुजून पाहिलं. त्यांची कुजबुज दोन घरं ओलांडून मुल्लामास्तरांच्या गच्चीवर ऐकू गेली आणि मास्तरांनी वरून "काय म्हणालात?" असं विचारलं. पिस्ता खिडकीतून बाईंच्या देवघरात निघून गेला.

त्याच आठवड्यात पालिकेचे बांधकाम निरीक्षक लोखंडे आले. कुणी तक्रार केली नव्हती. रस्त्याने जाताना त्यांना शालनताई हवेतल्या फडताळातून साखरेचा डबा काढताना दिसल्या, म्हणून ते थांबले होते.

"इथे भिंत होती," लोखंडे म्हणाले.

"आहे की," हिंदुराव म्हणाले. "हात लावून बघा."

लोखंड्यांनी हात लावला, मान हलवली. "हाताला लागते, मान्य. पण नकाशाप्रमाणे भिंत पाहावी लागते. चाचपून चालत नाही. उद्या कुणी गाडी आणून घातली आत, तर?"

"मग मी काय करू?"

"दोन मार्ग आहेत. गेलेला रंग परत आणा. नाहीतर पूर्वीचा गडद रंग देऊन टाका. गडद रंग कुठे जात नाहीत. माझ्या सासऱ्यांकडे चॉकलेटी आहे, त्यांच्यासमोर बँड वाजवलात तरी हलत नाही. पोटुशी लेक आहे घरात, ती मोकळी होऊ दे. तोवर मी थांबतो. पण त्यानंतर नाही थांबता येणार."

लोखंडे गेले आणि हिंदुरावांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. उपाय इतका सोपा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते तडक गेले आणि तांबड्याचे डबे घेऊन आले. डबा उघडल्यावर तो ओळखीचा रंग बघून त्यांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं.

"देवयानी! बाहेर ये, बघ काय आणलंय!"

दार उघडलं. देवयानी पोटाला हात लावून उंबऱ्यात उभी होती, आणि तिच्या मागे जांभळा रंग भिंतीवरून खाली यायला लागला होता. तिने मागे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं.

"आबा, हा नको," ती म्हणाली.

"अगं पण हा टिकतो! साहेबसुद्धा म्हणाले."

"आबा, बसा जरा. आणि मी बोलून होईस्तोवर काही बोलू नका."

हिंदुराव बसले. शालनताई भाकरी थापता थापता थांबल्या.

"मागच्या खेपेला मी फोन करून गोड बातमी सांगितली, आठवतंय? फक्त तुम्हाला आणि आईला सांगितली होती. तुम्ही गच्चीवर जाऊन सगळ्या गल्लीला सांगितलीत. बाजाराच्या दिवशी गेलात आणि बाजाराला सांगितलीत."

"आनंद झाला होता, बाळ," हिंदुराव म्हणाले.

"माहीत आहे मला. मला रागही नव्हता आला. पण नंतर ते राहिलं नाही, तेव्हा ते सांगायला कोणी गच्चीवर गेलं नाही, आबा. मी दिवाळीला आले तर फुलवाली विचारते, कितवा महिना. किराणावाला विचारतो. देवळात, रिक्षात, सगळीकडे. एकेकाला मी 'नाही' म्हणून सांगत फिरले. तुमचा आवाज जिथे जिथे गेला होता तिथे तिथे मला मागून जावं लागलं."

हिंदुरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते कधी असं करत नसत. खोलीतला जांभळा थांबला.

"म्हणून मला फिकट रंग हवे होते," देवयानी म्हणाली. "बाकी काही नाही."

ती आत गेली. हिंदुराव उठले. मग झाकण बसवून त्यांनी डबे उचलले आणि ओसवालांना परत नेऊन दिले. तिथे ते एक शब्द बोलले नाहीत. ओसवालांनी घाबरून त्यांना पाणी दिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव जोगळेकरबाईंच्या फाटकाशी गेले आणि आत बोलावतील म्हणून उभे राहिले.

"या," बाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी हाताने खूण केली, की आवाज कमी कसा करायचा ते शिकवा.

"त्यात शिकवण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही मैदानाशी बोलता. मला एका वेळी एकच माणूस असे, लाइनच्या दुसऱ्या टोकाला. त्या एकाला ऐकू गेलं की झालं. तुम्ही एकाच माणसाशी बोला."

हिंदुरावांनी विचार केला. एकाच माणसाशी काय बोलावं ते त्यांना सुचेना. जे काही ते बोलत आले ते सगळ्यांसाठीच होतं. शेवटी ते व्हरांड्यातल्या कोपऱ्यात पिस्त्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी एका जुन्या कुस्तीची हकिकत सुरू केली. पहिल्या डावालाच रंग गजातून बाहेर पळाला. बाईंनी त्याला हलकेच बोलावून परत आणला.

असे बरेच दिवस गेले. हिंदुराव रोज सकाळी येत, चहा घेत आणि कोपऱ्यात बसत. कुस्त्या हळू सांगता येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. कितीही आवरलं तरी चितपट म्हणताना आवाज चढायचाच. मग एका सकाळी त्यांनी कुस्ती सोडून दिली.

"माझी लेक आलीय," ते पिस्त्याला म्हणाले. "तिला दिवस गेलेत. मला भीती वाटती."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यासाठी मोठा आवाज त्यांच्याकडे नव्हताच. पिस्ता जमिनीवरून थोडा पुढे आला.

"मागच्या वेळी मला कळलं तेव्हा मी रानात गेलो. तिच्याकडं गेलो नाही. काय बोलायचं ते कळंना. हळू बोलायला यायला पायजे होतं तेव्हा."

पिस्ता त्यांच्या पायावर चढला आणि गुडघ्यापाशी थांबला. पीचही जवळ आला. जोगळेकरबाई चहाचे कप उचलून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या दिवशी हिंदुराव दोन्ही रंग घेऊन घरी निघाले. अंतर थोडंच होतं, पण गल्ली जागी होती. मुल्लामास्तरांनी रेडिओ बंद केला. भाजीवाला ओरडायचं सोडून हात वर करून मेथी दाखवत उभा राहिला. कोपऱ्यावर एका ट्रकने हॉर्न दिला तेव्हा मात्र दोन्ही रंग उडी मारून हिंदुरावांच्या अंगावर चढले. घरात शिरले तेव्हा ते डोक्यापासून कमरेपर्यंत पिस्ता आणि खाली पीच होते. "भिंतीला टेका जरा," शालनताई म्हणाल्या. ते टेकले आणि रंग उतरून आपापल्या खोलीत गेले. विटांना वीटपण आलं, भिंतीला भिंतपण आलं. शालनताईंनी दोरीवरच्या साड्या काढून घडी केल्या आणि पहिल्यांदा पाय पसरून बसल्या.

"जेवायला काय आहे?" हिंदुरावांनी विचारलं. शालनताईंना ऐकू गेलं नाही, त्यामुळे हिंदुरावांना तेच पुन्हा विचारावं लागलं.

*

देवयानीच्या कळा ठरल्यापेक्षा आधी सुरू झाल्या. सकाळची उन्हं नुकती अंगणात आली होती. शालनताई पिशवी भरायला धावल्या. जावई पुण्याहून निघायचा होता. गल्लीच्या टोकाला बंडू चव्हाणाची रिक्षा उभी होती आणि तो पेपर वाचत होता. पूर्वीचे हिंदुराव असते तर दारातून एक हाक मारली असती आणि बंडूच काय, स्टँडवरच्या सगळ्या रिक्षा आल्या असत्या.

हिंदुराव दारात आले. हाक मारायला त्यांची छाती फुगली होती. त्यांनी मागे भिंतीकडे पाहिलं. पिस्ता छताजवळ आक्रसून वाट बघत होता.

ते चपला न घालता चालत बंडूपर्यंत गेले, खाली वाकले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "बंडू, देवयानीला दवाखान्यात न्यायचंय."

बंडू जन्मल्यापासून त्या गल्लीत होता. हिंदुरावांना त्याने कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्याच्या हातातला पेपर गळून पडला. काहीतरी फार मोठं आहे हे ओळखून त्याने रिक्षा उलटीच दारापर्यंत आणली आणि वाटेत एकही खड्डा लागू न देता दवाखाना गाठला.

दवाखान्याचा कॉरिडॉर फिकट निळा होता. हिंदुराव बाकावर बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या निळ्याकडे बघत राहिले. शालनताई मनात काहीतरी म्हणत होत्या. आतून देवयानीचा आवाज आला तेव्हा निळा थरथरला, पण जागेवर राहिला. या दवाखान्यातले रंग सरावलेले असावेत.

दुपार कलली तेव्हा नर्स बाहेर आली. "मुलगी आहे. दोघी छान आहेत."

हिंदुराव उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले, जसे ते मैदानात विजयी मल्लाचं नाव घेण्याआधी करत. शालनताईंनी डोळे मिटून घेतले. नर्सही मागे सरकली.

हिंदुरावांनी हात खाली घेतले. ते शालनताईंच्या जवळ गेले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "शालन, दोघी छान आहेत."

"ऐकलं मी," शालनताई म्हणाल्या. आणि मग दोघांनाही रडू आलं, ते मात्र कॉरिडॉरला कळलं नाही.

देवयानीला भेटायला आत गेल्यावर हिंदुराव खाटेशी खुर्ची ओढून बसले. ते काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. देवयानीने त्यांचा हात धरून ठेवला आणि जावई येईपर्यंत सोडला नाही.

*

बाळ घरी आलं त्या दिवशी लोखंडे पाहणीला आले होते. त्यांनी रस्त्याकडची भिंत बाहेरून पाहिली, आतून पाहिली, आणि आता आपल्याला काही हरकत नाही असं सांगून चहाला बसले. जोगळेकरबाईही आल्या होत्या. त्यांना बाळ बघायचं होतं.

बाळाने डोळे उघडले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं.

हिंदुरावांच्या ऐन भरातल्या आवाजापेक्षा तो आवाज मोठा होता. फडताळातली भांडी वाजली. मुल्लामास्तर गच्चीवर आले. लोखंड्यांनी कप बशीत ठेवला आणि नाइलाजाने भिंतीकडे नजर वळवली. शालनताईंनी दोरीवर टाकायला साड्या काढल्या. देवयानी बाळाच्या पाळण्याला हात लावून उभी होती.

पिस्ता हलला. या वेळी खालच्या पांढऱ्याला मागेच ठेवून तो भिंतीवरून खाली आला, जमिनीवरून सरकत पाळण्यापर्यंत गेला आणि पाळण्याच्या दोरीवर चढून आत वाकून बघू लागला. मागोमाग स्वयंपाकघरातून पीच आला. खोलीतून जांभळा आला. बाळ रडतच होतं. दाराच्या फटीतून आणखी एक रंग आत आला, आणि तो कुणाला ओळखू येईना.

"अहो, हा माझा चंदनी," जोगळेकरबाई म्हणाल्या. "माझ्या हॉलचा. हा तर कधी घराबाहेर पडत नाही."

त्याच्या मागे मुल्लामास्तरांच्या घरचा आकाशी दारात येऊन थांबला होता. त्याला वाट करून द्यायला लोखंडे खुर्ची मागे घेऊन बसले.

देवयानी इतकी हसली की तिला टेकून उभं राहावं लागलं. हसत हसत तिने बाळाला पाळण्यातून उचललं आणि पलंगावर बसून पाजायला घेतलं. घर शांत झालं. पण रंग कुणी जाईनात.

"एवढे सगळे ठेवायचे कुठं?" शालनताईंनी विचारलं.

हिंदुरावांनी वर पाहिलं, थोडा विचार केला आणि बायकोच्या कानाशी वाकून म्हणाले, "माळ्याला अजून रंग द्यायचा राहिलाय."

शालनताईंनी शिडी आणायला सांगितली.